खालचं फडकं

रक्ताच्या डागाला गरम पाणी लावायचं नाही. लावलंत की तो शिजतो, धाग्यात बसतो, आणि मग कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. एवढं साधं ज्याला कळत नाही त्याने लाँड्रीच्या धंद्यात पडूच नये, असं रूबेन झिराडकरचं मत होतं. मनामाच्या जुन्या बाजारामागच्या त्या लाँड्रीत बावीस वर्षं डाग काढल्यावर असलं मत बाळगायचा त्याला हक्कही होता. गार पाणी, मीठ, मग थोडा अमोनिया, शेवटी पेरॉक्साइडचे चार थेंब. कपड्याखाली पांढरं फडकं घ्यायचं आणि वरून ब्रशने नुसतं टिपटिप करायचं, घासायचं नाही. डाग पुसला जात नसतो, तो खालच्या फडक्यात उतरतो. गिऱ्हाईक वरचा कपडा बघून खूश होतं. फडकं कोणी बघत नाही.

बुधवारी दुपारी चारला दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्याच्या घरचा जावईच दारात उभा होता. एलायजा पेझारकर, रूबेनच्या बहिणीचा, मलकाचा नवरा. सनाबिसमध्ये ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दरवाजांचं वर्कशॉप चालवणारा. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फिकट पिवळा शर्ट, शर्टावर रक्त.

"कोंबड्या," एलायजा म्हणाला. "शब्बाथच्या. उद्या वेळ नाही म्हणून आजच कापल्या. एक सुटली हातातून, नाचली सगळ्या अंगावर."

यात तसं नवल नव्हतं. अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, म्हणाल तर बहरीनमध्ये चार माणसं: रूबेन, त्याच्या खोलीत राहणारा धाकटा भाऊ बेनू, आणि अदलियात मलका नि एलायजा. एलायजाने तरुणपणी रेवदंड्याला सुरी धरायला शिकून घेतलं होतं, त्यामुळे चौघांच्या कोंबड्या दर आठवड्याला तोच कापायचा. एका फेरीत मान, रक्त मातीत, रक्तावर पुन्हा माती. हात फार साफ होता त्याचा. इतका साफ हात असलेल्या माणसाच्या हातून कोंबडी सुटते कशी, असा प्रश्न रूबेनच्या मनात आला. आला आणि गेला. रूबेनच्या मनात प्रश्न यायचे नि जायचे, मुक्कामाला राहायचे नाहीत.

"ठेवून जा. उद्या घेऊन जा," रूबेन म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला तो अजूनही अहो-जाहो करायचा. "मलका बरी आहे ना? तुम्ही सकाळी फोनवर म्हणालात, तिला बरं नाही."

"बरी आहे. मोरीत पाय घसरला होता."

मोरीत पाय फार घसरायचा मलकाचा. नाहीतर कपाटाचं दार लागायचं, नाहीतर उन्हाने घोळणा फुटायचा. गेल्या दोन वर्षांत रक्ताचे डाग पडलेले तिचे सहा ड्रेस रूबेनने हातावेगळे केले होते. प्रत्येक वेळी कारण वेगळं, डाग तेच. रूबेनने ड्रेस धुतले, इस्त्री केले, आपल्या हाताने घडी घालून परत पाठवले, आणि वर आपण बहिणीसाठी एवढं करतो याचं थोडं समाधानही मानलं. मला विचाराल तर असल्या समाधानाला चाबकाने फोडून काढलं पाहिजे.

त्याने शर्ट पसरला. दोन्ही कफांवर जाड थेंब, छातीवर बारीक शिंतोडे, खालून वर उडालेले. आणि कॉलरखाली, डाव्या बाजूला, चार बोटांच्या रुंदीचा एक जांभळा फराटा. कोंबडीला जांभळं काय असतं? वर्कशॉपमधला खुणा करायचा रंग असेल, असं त्याने स्वतःच स्वतःला सांगितलं. आधी रक्त उतरवलं, मग स्पिरिटने जांभळं. पावणेसहाला शर्ट हँगरवर कोरा करकरीत लटकत होता. फडकं त्याने नेहमीसारखं कोपऱ्यातल्या डब्यात टाकलं.

काउंटरवरचा फोन वाजला तो तेव्हाच. काउंटरवर शब्बीर बसायचा, म्हसळ्याचा, रूबेनचा पंधरा वर्षांचा जोडीदार. त्याने फोन ऐकला, ठेवला, आणि उठून आत आला.

"रूबेनभाय, आधी बसा तुमी."

"काय झालं?"

"बेनू गेला. सनाबिसात, गल्लीत सापडला. मारलाय त्याला कुणीतरी."

---

पंचाण्णव साल होतं. सनाबिसमध्ये त्या दिवसांत सरकारविरुद्ध दंगली चालू होत्या, संध्याकाळ झाली की टायर जळायचे, दगड उडायचे, अश्रुधुराने डोळे फुटायची वेळ यायची. बेनू ज्या गल्लीत सापडला तिथे आदल्या दिवशीच्या टायरांच्या तारा पडलेल्या होत्या. मग सगळ्यांनी दोन अधिक दोन चार केले. जमावाच्या तावडीत सापडला बिचारा, एसी दुरुस्तीला गेला असेल, परका माणूस बघून ठेचला असेल. रूबेनलाही ते पटलं. ती गल्ली एलायजाच्या वर्कशॉपच्या मागची आहे, हे त्याला माहीत होतं आणि सुचलं नाही.

गुरुवारी सकाळी तो आणि एलायजा हॉस्पिटलच्या शवागारात गेले. बाहेर शब्बीर गाडीत थांबला. डॉक्टरांनी वरवर बघून कागद केला होता, कपडे अंगावरच होते. चादर ओढली गेली. बेनूच्या डोक्याची डावी बाजू आत बसली होती. कान फाटून गालावर लोंबत होता. जबडा एकीकडे सरकलेला, ओठांच्या फटीत तुटलेले दात, एका डोळ्याच्या जागी नुसता काळा गोळा. बत्तीस वर्षांचा पोरगा. रोज सकाळी भांग पाडायला आरशासमोर दहा मिनिटं घ्यायचा म्हणून रूबेन त्याच्यावर खेकसायचा. त्या केसांत आता वाळलेलं रक्त आणि हाडाची कपची होती. रूबेन भिंतीला धरून उभा राहिला.

एलायजाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रूबेनभाऊ, असा नेणार का त्याला? ताहारा करू. मी धुतो. तुम्ही बाहेर बसा, तुम्हाला नाही बघवणार."

ताहारा. मेलेल्याची शेवटची आंघोळ. रूबेनचे बा अलिबागच्या सिनेगॉगमध्ये हझान होते, प्रार्थना चालवायचे, आणि गावातल्या प्रत्येक मयताला ताहारा तेच द्यायचे. बांना धुण्यासाठी एक शब्द पुरायचा नाही. अंग धुणं ती रेहित्सा, कपडे धुणं ते किबुस, वाहत्या पाण्यात अख्खी बुडी ती तेविला. आणि ताहारा म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पाण्याची धार न तोडता ओतायची आणि तीनदा म्हणायचं, ताहोर हू, हा शुद्ध आहे. रूबेन लाँड्रीत लागला तेव्हा बा हसून म्हणाले होते, "किबुस कर बाबा, पोटाला मिळेल. पण डाग गेला म्हणजे माणूस ताहोर झाला, असं समजू नकोस."

आणि आणखी एक गोष्ट बांनी शिकवली होती. रूबेन बारा वर्षांचा असताना गावात एक माणूस तेलघाण्याच्या जड लाकडी लाटेखाली सापडून मेला. बांनी त्याला धुतलं नाही. आहे त्या कपड्यांत, आहे त्या रक्तात ठेवलं, वरून पांढरी चादर गुंडाळली, आणि घाण्याजवळची रक्ताची माती स्वतःच्या हाताने चमच्याने खरवडून मडक्यात भरली. "ज्याचं रक्त सांडून जीव गेला त्याला ताहारा नाही," ते म्हणाले. "ते रक्त म्हणजेही तोच. अर्धा माणूस मोरीत सोडून अर्धा पुरायचा का?"

"धुवायचं नाही," रूबेन एलायजाला म्हणाला. "मारलेल्याला धुवत नाहीत."

"कोण बघतंय इथे? घाणीने भरलाय तो. बघा त्याचे हात."

रूबेनने बघितलं. नसतं बघितलं तर बरं, असं त्याला पुढे आयुष्यभर वाटलं नाही, एवढंच त्याच्या बाजूने बोलता येईल. बेनूचा उजवा तळवा आणि चारही बोटं जांभळी होती. सोमवारी एसीचा पाइप जोडताना हात भाजला होता. तेव्हापासून रोज सकाळी रूबेनच त्यावर ते जांभळं औषध लावत होता. बुधवारी सकाळी त्याने सढळ हाताने लावलं होतं, आणि बेनू हसला होता, "दादा, भिंत रंगवतोयस का?"

चार बोटं. कॉलरखाली, डाव्या बाजूला. समोरच्याने उजव्या हाताने गचांडी धरली की बोटं तिथेच पडतात.

बावीस वर्षं डाग वाचलेल्या माणसाला मग पुढचं कोणी सांगावं लागलं नाही. कालचा शर्ट त्याच्या डोळ्यांपुढे उलगडला आणि एकेक थेंब बोलायला लागला. बेनूने कॉलर धरली. एलायजाने बाजूचं काहीतरी उचललं, पाइप असेल, आणि कानशिलावर घातला. तो पहिला घाव, छातीवरचे बारीक शिंतोडे. बेनूने कॉलर सोडली नाही, म्हणून तर फराटा खाली ओढला गेला. मग तो गुडघ्यावर आला, आणि पुढचे सगळे घाव वरून खाली. शिंतोडे खालून वर. कफांवरचे जाड थेंब शेवटचे. पाइप खाली-वर होत होता आणि रक्त पाइपावरून मनगटाकडे ओघळत होतं. असं ओघळायला एक-दोन घाव पुरत नाहीत. बेनू मेल्यावरही एलायजा मारतच होता.

आणि ते सगळं रूबेनने काल गार पाण्यात, मिठात, चार थेंब पेरॉक्साइडने उतरवलं होतं. भावाचं रक्त. गुणगुणत उतरवलं होतं.

फडकं, त्याच्या मनात आलं. आणि पाठोपाठ दुसरं आलं: आज गुरुवार. गुरुवारी दुपारी लाँड्रीतला मशीनवाला ताहिर आठवड्याची सगळी फडकी उकळत्या पाण्यात घालतो.

"मी बाहेर जाऊन येतो," तो एलायजाला म्हणाला. "त्याला हात लावू नका. बांची शपथ आहे तुम्हाला." मग दारावरच्या शिपायाला त्याने मोडक्या अरबीत सांगितलं, धर्माचं काम आहे, कुणालाही धुऊ देऊ नको. शिपायाने मान डोलावली. अशा गोष्टी तिथे न विचारता समजतात.

शब्बीरने गाडी हाणली. रूबेनने वाटेत त्याला सगळं सांगितलं. लाँड्रीच्या मागच्या खोलीत पाण्याला उकळी आली होती आणि ताहिर डबा उचलून त्यात रिता करत होता. रूबेनने धक्का देऊन त्याला बाजूला सारलं. डब्यातलं अर्धं पाण्यात गेलं, अर्धं जमिनीवर. रूबेन जमिनीवर बसला आणि एकेक फडकं बघायला लागला: हळदीचं, शाईचं, ग्रीसचं, लिपस्टिकचं. पाण्यात पडलेली फडकी शब्बीर काठीने बाहेर काढत होता. रूबेनने मध्येच हात घातला, मनगटापर्यंत पोळला, आणि तिथे काही मिळालं नाही. ते मिळालं जमिनीवर, भिंतीला चिकटलेलं. वीतभर पांढरं कापड. मधोमध तपकिरी डाग आणि त्याच्या कडेला, त्यातच मिसळलेला, जांभळा.

त्याने ते ओठांना लावलं. ताहिर बघत होता.

---

"पोलिसांत चला," शब्बीर म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. कागदावर जमाव लिवलाय त्यांनी. एकदा बेनूला मातीत घातला की खलास, मग कोण इचारतो?"

पण रूबेनचा पाय उचलेना. फडक्यातलं रक्त बेनूचं होतं, आणि बेनूचं रक्त बेनूबरोबर जायला हवं. पोलिसांकडे दिलं तर ते कुठल्या तरी कपाटात, पाकिटात, कोर्टात वर्षानुवर्षं पडणार, आणि बेनू अर्धा पुरला जाणार. पुरलं तर एलायजा सुटणार. अर्धं कापून द्यावं तर रक्त आणि जांभळं एकत्र होतं तोवरच ते फडकं काही सांगत होतं. आणि या सगळ्याच्या मागे मलका होती. नवरा फासावर गेला तर तिचा व्हिसा गेला, घर गेलं, सगळं गेलं. रूबेनने फडकं पोटाशी, बनियनच्या आत बांधलं आणि म्हणाला, "आधी मलकाकडे."

मलकाने दार उघडलं तेव्हा तिने तोंडावर ओढणी धरली होती. रूबेनने ती हाताने बाजूला केली. दोन वर्षांत हे त्याने पहिल्यांदा केलं. खालचा ओठ मधोमध चिरलेला, गाल सुजून डोळा मिटलेला, गळ्यावर अंगठ्याचा निळा-काळा ठसा.

"बेनू काल जेवायला आला होता," मलका खालच्या आवाजात म्हणाली. "मी काही सांगितलं नाही दादा, आईशप्पथ. मी म्हटलं पाय घसरला. त्याने ताट सरकवलं आणि उठला. दारातून म्हणाला, घसरलेल्या माणसाच्या गळ्यावर अंगठा नसतो."

"आणि वर्कशॉपवर गेला."

"तुला कसं कळलं?"

रूबेनने फडकं काढून दाखवलं, काय ते सांगितलं. मलका खाली बसली. तिने त्या वीतभर कापडाकडे बघितलं, मग रूबेनकडे.

"बेनूने एकदा बघितलं आणि उठला," ती म्हणाली. "तू सहा ड्रेस धुतलेस दादा. इस्त्री करून पाठवलेस."

रूबेनने फडकं परत पोटाशी बांधलं आणि विचारलं, "त्याला पोलिसांत दिलं तर तुझं काय होईल?"

"नाही दिलंस तर काय होईल ते बघतोयस ना?"

---

शुक्रवारी सकाळी मनामातल्या यहुदी कबरस्तानात बेनूला नेला. छोटंसं, भिंतीतलं कबरस्तान. त्याची किल्ली असलेला एक स्थानिक म्हातारा, त्याचा एक नातेवाईक, रूबेन, शब्बीर, एलायजा आणि दोन खणणारे. मलका टॅक्सी करून आली होती. बायकांनी आत जायची आमच्यात रीत नाही म्हणून फाटकाशी उभी राहिली. बेनूला कोणी धुतलं नव्हतं. रक्ताच्या कपड्यांत, वर पांढरी चादर. गल्लीतली काळी पडलेली माती रूबेनने पहाटे जाऊन खरवडून आणली होती, ती मडक्यातून त्याच्या डोक्याशी ठेवली.

एलायजाच्या अंगात फिकट पिवळा शर्ट होता. गुरुवारी संध्याकाळी त्याने तो लाँड्रीतून नेला होता, आणि त्याला संशय येऊ नये म्हणून शब्बीरने तो दिलाही होता. सुंदर निघाला होता शर्ट. फक्त कॉलरच्या शिवणीत, उन्हात, डाग काढणाऱ्यालाच दिसेल एवढी एक जांभळट रेघ राहिली होती. ते औषध शिवणीतून पुरतं कधीच जात नाही.

म्हाताऱ्याने मडक्यातली माती पाहिली आणि अरबीत विचारलं, रक्ताचं आणखी काही उरलंय का? असेल तर आताच ठेव, नंतर कबर उघडता येणार नाही.

रूबेनचा हात पोटाशी गेला. खड्ड्यात चादरीखाली त्याचा भाऊ होता, फुटक्या डोक्याचा, जांभळ्या हाताचा. बा असते तर काय म्हणाले असते, हे तो ठरवू पाहत होता, आणि त्याला बांचा मडकं धरलेला हात तेवढा आठवत होता. मग त्याला सहा ड्रेस आठवले, घडी घातलेले. तो खड्ड्याच्या काठाशी वाकला आणि मराठीत म्हणाला, "बेनू, मला माफ कर. थोडा तू मला वर लागतोस."

मग उभा राहून म्हाताऱ्याला म्हणाला, "आहे. पण ते आज पुरायचं नाही."

हे तो अरबीत बोलला. एलायजाला अरबी रूबेनपेक्षा चांगलं येत होतं.

माती लोटली गेली. सगळे फाटकाकडे आले. कबरस्तानातून निघताना हातावर पाणी घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, म्हणून तिथे नळाजवळ बादली आणि दोन कानांचा तांब्या होता. रूबेनने तांब्या भरला. एलायजाने हात पुढे केले.

"थांब," रूबेन म्हणाला. मलकाच्या लग्नापासून पहिल्यांदा तो एलायजाला अरे-तुरे करत होता, आणि ते दोघांनाही ऐकू गेलं. "बा सांगायचे, पूर्वी गावाबाहेर मारलेला माणूस सापडला की गावचे वडीलधारे पाण्याने हात धुवायचे आणि बोलायचे. आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही. आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही. एवढं बोल, मी पाणी ओततो."

"आता हे कुठलं काढलंत, रूबेनभाऊ?"

"बोल."

एलायजाने घसा साफ केला. "माझ्या हातांनी हे रक्त सांडलं नाही," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी पाहिलं नाही." धडधडीत बोलला. आवाज फुटला नाही की नजर हलली नाही. रूबेनने पाणी ओतलं नाही. तांब्या तसाच धरून तो म्हणाला, "मला हे बोलता येत नाही. पहिलं येतं, दुसरं येत नाही. मी पाहिलं होतं. दोन वर्षं पाहत होतो." आणि डाव्या हाताने त्याने शर्टाची दोन बटणं काढली आणि बनियनखालच्या फडक्याचं टोक वर ओढलं.

जांभळा डाग एलायजाने ओळखला. त्याने भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि आडवं फिरवलं. पातं रूबेनच्या कपाळावर बसलं. भुवईपासून केसांपर्यंत कातडी उघडली, आणि रक्ताचा पडदा डोळ्यांवर आला. दुसरा घाव खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज शब्बीरला दहा पावलांवरून ऐकू आला. रूबेन पडला नाही. आंधळ्यासारखा पुढे गेला आणि चांगल्या हाताने त्याने एलायजाची कॉलर धरली, बेनूने धरली होती तिथेच. एलायजा गुडघ्याने त्याच्या पोटात मारत होता, फावड्याच्या दांड्याने पाठीत मारत होता, फडक्यासाठी नखांनी छाती ओरबाडत होता. रूबेनने त्याच्या मनगटाला दात लावले आणि रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही.

शब्बीर धावला. पण त्याच्या आधी मलका आत आली, रीत बाजूला ठेवून. तिने पडलेला तांब्या उचलला आणि नवऱ्याच्या कानशिलावर घातला. एकदा, पुन्हा एकदा, आणि तिसऱ्यांदा. एलायजा गुडघ्यावर आला. फावडं सुटलं. शब्बीर आणि टॅक्सीवाला त्याच्या पाठीवर बसले.

रूबेनने फावडं उचललं. एका हाताने ते डोक्यावर नेलं. खाली एलायजाची मान होती, उघडी, आणि पातं धारदार होतं. कोणी त्याला अडवलं नाही. शब्बीरने तर आपलं डोकं बाजूला घेतलं, हे मी मुद्दाम सांगतो. तोही माणूसच होता. बेनूच्या डोक्यात जेवढे घाव होते तेवढे रूबेनला याच्या मानेवर मोजून द्यायचे होते, आणि त्याला ते जमलंही असतं.

मग त्याच्या कपाळावरून एक थेंब त्या पिवळ्या शर्टाच्या पाठीवर पडला. मग दुसरा. सवयीने त्याची नजर तिथे गेली. उद्या हा शर्ट कोणीतरी टेबलावर पसरेल आणि विचारेल, हे कुणाचं, हे कुणाचं, आणि हे कुणाचं. सगळ्यांची रक्तं एकात एक झाली तर बेनूचं रक्त कोण वाचेल? त्याने फावडं भिंतीपलीकडे फेकलं. त्यासाठी त्याला फार जोर लागला.

म्हातारा पोलिसांना फोन करायला गेला. शब्बीरने टॅक्सीच्या दोरीने एलायजाचे हात बांधले, मग बादली घेऊन रूबेनजवळ आला. "तोंड धुवा रूबेनभाय. असे कसे जाणार पोलिसांसमोर?"

"असाच जाणार."

"रक्त गळतंय तुमचं. निदान हात तरी धुवा."

"नको," रूबेन म्हणाला. त्याने फडकं चाचपून पाहिलं. होतं. भिंतीला पाठ लावून तो खाली बसला, आणि मलका त्याच्या शेजारी येऊन बसली. तिचा हात तांब्याच्या काठाने कापला होता.

"मलके," त्याने विचारलं, "मंगळवारी रात्री जो ड्रेस अंगात होता तुझ्या, तो कुठे आहे?"

"मोरीत भिजवायचा राहिला. कोपऱ्यात पडलाय." ती थांबली. "तुझ्याकडेच पाठवणार होते."

"भिजवू नकोस. टॅक्सी आहे, तसाच घेऊन ये."

मलका उठली आणि अंग न झटकता टॅक्सीत जाऊन बसली.